दाजी, तो देव नव्हता

मुक्काम जोहे, ता. पेण
माघी गणपतीच्या आदल्या आठवड्यातला बुधवार

ती. दाजी यांना निकेशचा शिरसाष्टांग नमस्कार.

नमस्कार मनापासून आहे आणि राग वेगळा आहे. दोन्ही एकाच पाकिटात घातलेत, तुम्ही सुटे करून घ्या. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? ताईचं पित्त कमी झालं का? (झालं नसणार. तुमच्या घरात राहून कोणाचं पित्त कमी होईल, असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही वयाने मोठे आहात.) कंपनीत शिफ्ट बदलून मिळाली का? इकडे सगळं ठीक आहे. आईची तब्येत उत्तम, म्हणजे सकाळपासून माझ्यावर ओरडते आहे आणि मध्ये दम लागत नाही. हे पत्र पोह्याच्या पापडांच्या डब्यात वरच ठेवलंय, पापडांचं तेल लागलं तर अक्षर पुसेल म्हणून आधी पत्र वाचा आणि मग पापड काढा.

पत्र कशाला, फोन का नाही, असं विचाराल. अहो, फोन केला की तुम्ही "मशीनवर हाय, मंग बोलतो" म्हणून ठेवून देता. व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहिल्या तर उत्तरादाखल हात जोडलेलं चित्र येतं. त्या हात जोडलेल्या चित्रानेच माझा सत्यानाश केला, आणि परवा मी जाब विचारला तर तुम्ही परत तेच पाठवलंत! म्हणून कागद घेतला. कागदाला हात जोडता येत नाहीत आणि तुम्हाला तो मध्येच ठेवून देता येणार नाही.

आता मुद्द्यावर येतो. तुम्हाला 'करवत' माहीत आहे. (लाकूड कापायची नव्हे. आईला अजून तेच वाटतं. मी कॉलेजात असताना तिला सांगितलं, करवतचं गाणं ऐकतोय, तर ती म्हणाली, सुतार लोक गायला कधी लागले?) करवत हा आपला मराठी रॉकबँड, आणि त्यात गाणारा शार्दूल. कमरेपर्यंत केस, तोंड असं वासलेलं की पडजीभ दिसावी, आणि आवाज तर असा की ऐकताना आपल्याच घशात खवखव सुटावी. पेणच्या कॉलेजात झुबेरने मला त्याची कॅसेट दिली त्या दिवसापासून मी कामातून गेलो. आमच्या कारखान्यातल्या निम्म्या गणपतींची आखणी शार्दूलच्या 'आभाळ फाड' या गाण्यावर झालेली आहे. डोळा काढताना हात स्थिर राहावा म्हणून लोक श्वास धरतात, मी ते गाणं लावतो. पण समोर बसून, आपल्या कानांनी, त्याच्या तोंडून ते गाणं ऐकणं माझ्या नशिबात कधी आलं नाही. कार्यक्रम पुण्यात असला की इकडे सीझन. अलिबागला असला की दुसऱ्या दिवशी चतुर्थी, आणि दारात मुंबईचे लोक मूर्ती न्यायला उभे. एकदा सगळं जमवून ठाण्याला गेलो तर वीज गेली आणि कार्यक्रम रद्द! तेव्हा तुम्हीच मला समजावलं होतंत, की बाबा, मोबाईलवर ऐकतोस तेच तर तिथे गातात. दाजी, पोह्यांचा फोटो बघून पोट भरतं का?

आणि या महिन्यात बातमी आली. रोह्याला कुंडलिकेकाठच्या मैदानावर करवतचा कार्यक्रम, उघड्यावर, सर्वांसाठी फुकट! कोणा भावी नगरसेवकाचा वाढदिवस. (भावी किती वर्षं राहणार आहे कोण जाणे, पण परमेश्वर त्याला उदंड आयुष्य देवो.) झुबेर कुवेतहून सुट्टीवर आलेलाच होता, त्याच्या भावाचा टेम्पो मोकळा होता. पण बातमीला शेपूट होतं. शार्दूलच्या घशाचं ऑपरेशन ठरलंय. डॉक्टरांनी सांगितलंय, यापुढे गायचं नाही. रोह्याचा कार्यक्रम शेवटचा. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. हे वाचलं तेव्हा मी एका मूर्तीचं किरीट सोनेरी करत होतो, तो ब्रश तसाच वाळून कडक झाला.

मग मनात आलं, रिकाम्या हाताने जायचं नाही. आपण जोहेची माणसं, आपल्याला दुसरं येतं काय? शार्दूलची मूर्ती करून न्यायची, बसलेली, मांडीवर गिटार, कॅसेटवर होता तसा. डोकं आणि गिटार मी हाताने घडवलं. पण माघीच्या ऑर्डरी अंगावर, वेळ कुठे होता? धड मी आपल्या लोडावर बसलेल्या गणपतीच्या साच्यातून काढलं. (हसू नका. पोट जरा सुटलं, पण या वयात कोणाचं सुटत नाही? तुमचं बघा.) सोंडेच्या जागी गिटारची दांडी पुढे आली. जीन्स रंगवली, बूट रंगवले, तोंड वासलेलं ठेवलं. मग घात झाला. मी वार्निशचा डबा आणायला पेणला गेलो आणि शेवटचा हात आईने फिरवला. तिचा हात पन्नास वर्षं एकच वाट चाललेला. मी परत येऊन बघतो तर शार्दूलच्या कपाळावर लालभडक गंध, हातात कडं, आणि पायाशी उंदीर! चांगला पक्का चिकटवलेला, हातात लाडू घेतलेला उंदीर. मी डोक्याला हात लावला. आई म्हणाली, "उंदराबिगर आपल्या कारखान्यातनं मूर्ती भायेर गेली नाय आनि जानार बी नाय. तुझा तो सुतार असू दे नायतर कोन पन." उंदीर उचकटायला गेलो तर बूटच निघायला लागला, म्हणून राहू दिला.

वार्निश ओलं, हायवेची धूळ तर तुम्ही जाणताच. मूर्ती नीट झाकणं भाग होतं. आईने गणपती झाकायचा भगवा कपडा काढला आणि तोंडावरून टाकून मागे गाठ मारली. पुढे गिटारची दांडी, खाली सुटलेलं पोट, कपड्याबाहेर नेमका उंदीर. टेम्पोत चढवल्यावर झुबेरने लांबून बघितलं आणि म्हणाला, "निक्या, माझी अम्मीसुद्धा सांगेल हा गणपती हाय." मी त्याला झापलं. तेव्हाच ऐकायला हवं होतं.

आणि आता तुमचा प्रवेश. निघता निघता ताईचा फोन, संध्याकाळी हळदीकुंकवाला वहिनीला घेऊन ये म्हणून. मी घाईत होतो, आनंदात होतो, तोंडातून गेलं, "आज नाय गो ताई, देवाला घेऊन रोह्याला चाललोय." देव म्हणजे शार्दूल! मी त्याला कायम देवच म्हणतो. तुम्हालाही माहीत आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे. पण जोह्याच्या माणसाने देव घेऊन चाललोय म्हटलं की ताईला दुसरं काय सुचणार? तिला मी दोष देत नाही. तिने तुम्हाला सांगितलं, तुम्ही कंपनीच्या गेटवर उभे राहून मंडळाच्या ग्रुपवर टाकलंत, 'मेव्हण्याचा देव आज दुपारी नाक्यावरून जाणार आहे' आणि पुढे हात जोडलेली चित्रं, एक नाही, ओळभर. टाकून आत गेलात, मोबाईल लॉकरमध्ये ठेवलात आणि शिफ्ट संपेपर्यंत निवांत लोखंड बघत बसलात. बाहेर काय पेटलं त्याची तुम्हाला गंधवार्ता नव्हती, म्हणून आता सविस्तर लिहितो.

पेणपर्यंत फक्त हार मिळाले. एसटी स्टँडजवळ गाडी हळू केली तर एका फुलवाल्याने पळत येऊन उंदराला हार घातला. (गळ्यात घालायला गळा झाकलेला होता ना!) पुढे चौकात ट्रॅफिकच्या हवालदाराने बाकीच्या गाड्या थांबवून आम्हाला वाट दिली आणि हात जोडले. पोलिसाने मला हात जोडण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ आणि त्याचा मला आनंद घेता येईना. मला काळजी पापाची! उद्या कोणी त्या कपड्याला खरोखर ओवाळलं तर ते माझ्या माथी. म्हणून वडखळला चहाला थांबलो तेव्हा मी गोळा झालेल्या लोकांना स्वच्छ सांगितलं, की मंडळी, हा गणपती नाही. लोक म्हणाले, मग कोण? मी म्हणालो, हा शार्दूल आहे. बास. तिथे एक निवृत्त गुरुजी चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि सर्वांना समजावून सांगितलं, की शार्दूल म्हणजे वाघ, वाघ हे देवीचं वाहन, अर्थात मूर्ती देवीची आहे, शंकाच नको. मी म्हटलं, गुरुजी, हा गायक आहे, याला दाढी आहे. ते म्हणाले, बाळ, कलाकाराने नम्र असावं पण मूर्तीची थट्टा करू नये. पाच मिनिटांत दोन बायका खण-नारळ घेऊन ओटी भरायला हजर! शार्दूलची ओटी, दाजी! मी टेम्पोच्या फळीवर आडवा पडून ती टाळली. नारळ झुबेरने घेतला, परत देणं बरं दिसत नाही म्हणून.

तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर कपडा काढून दाखवायचास. दाखवायला निघालो होतो हो! गाठीला हात लावला तर पाचपन्नास माणसं एकदम ओरडली, की तोंड उघडू नको, देव घरी पोचायच्या आधी तोंड उघडतात का, जोह्याचा असून कळत नाही? आणि खरं सांगू, हात माझाही थांबला. वाटेत तोंड उघडायचं नाही हे माझ्याही अंगात मुरलेलं. शिवाय आत गंध लावलेला, जबडा वासलेला दाढीवाला बाप्या. तो बघून त्या बायकांनी मला चपलेने मारलं असतं आणि त्यांचं चुकलं नसतं.

असे आम्ही गडबला पोचलो. तुमच्या गावाबद्दल मला आदर आहे. माझी बहीण तिथे दिलीय. पण त्या दिवशी नाक्यावर जे बघितलं ते मी विसरणार नाही. तुमच्या मंडळाची अख्खी पोरं टोप्या घालून उभी, गुलाल तयार, आणि बेंजो! दाजी, बेंजोशी माझं वैर नाही. हळदीत मीही नाचतो. पण ज्या दिवशी माणूस शार्दूलला ऐकायला निघालाय त्या दिवशी कानाशी बेंजो म्हणजे काय अत्याचार आहे, हे तुम्हाला कसं समजावू? हायवेची एक बाजू खोदलेली, राहिलेल्या एका बाजूवर आमचा टेम्पो, टेम्पोच्या पुढे तुमची पोरं नाचतायत आणि मागे गाड्यांची रांग लागत चाललीय. त्यात वडखळहून कोणीतरी फोन करून देवी असल्याचं कळवलेलं. त्यामुळे बायका ओटी घेऊन एका बाजूला, पुरुष दुर्वा घेऊन दुसऱ्या बाजूला, आणि त्यांच्यात वाद. शेवटी तडजोड अशी निघाली, की दोन्ही करू. मी ओरडून सांगत होतो, की मला कार्यक्रमाला पोचायचंय, सूर्य कलला, माझा आयुष्यातला एकच कार्यक्रम आहे. ऐकतो कोण? एक पोरगा म्हणाला, "निकेशमामा, दाजींनी सांगितलंय, सोडायचा नाय." तुमचं नाव ऐकलं आणि झुबेर खाली उतरला तो थेट समोरच्या चहाच्या टपरीवर. मग मी स्टिअरिंगवर जाऊन बसलो आणि हॉर्नवर हात ठेवला. तो हॉर्न तुम्ही ऐकलेला नाही. झुबेरच्या भावाने ट्रकचा काढून टेम्पोला बसवलाय.

आता पुढचं लक्ष देऊन वाचा. मागच्या रांगेतली माणसंही वैतागून उतरली होती. त्यांतून एक जण पुढे आला. डोक्याला माकडटोपी, गळ्याला मफलर, जाड चष्मा, चेहरा जरा आजारी. त्याने चपला काढल्या, उंदराच्या पायाशी डोकं टेकवलं आणि माझ्या खिडकीशी येऊन हळूच, अगदी अदबीने विचारलं, की एक आरती म्हणू का? माझं डोकं आधीच फिरलेलं. मी म्हणालो, "म्हणा! तुम्हीच कशाला राहताय? सगळ्या गडबने म्हटलं, तुम्ही पण म्हणा!" तो हसला. पोरांनी बेंजो थांबवला. आणि त्याने आरती धरली. टाळ नाही, माइक नाही, रस्त्यात अनवाणी उभा राहून. हळू सुरू केली आणि मग असा काही वर गेला, की मागच्या ट्रकवाल्यानेही इंजिन बंद केलं. बायका ताट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. तुमची पोरं, जी माझ्यासाठी गप्प बसली नाहीत, ती त्याच्यासाठी गप्प बसली. मला ते सगळं काचेतून दिसत होतं. मला एवढंच सुचलं, की लोक नाचायचे थांबले, म्हणजे आता वाट मिळेल! मी हॉर्न दाबून धरला. सोडलाच नाही. झुबेर चहाचा ग्लास घेऊन पळत आला आणि खिडकीतून ओरडला, "निक्या, आवाज वळखीचा वाटतोय रे!" मी म्हणालो, सर्दी झालेल्या माणसांचे आवाज सगळे सारखेच असतात, तू गाडीत बस.

आरती संपली तेव्हा त्या माणसाने घशावर हात ठेवला, माझ्याकडे बघून काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही, कारण हॉर्न. मी हॉर्न सोडून त्याला सांगितलं, की काका, झालं ना समाधान? आता बाजूला व्हा, मला रोह्याला एक कार्यक्रम आहे, तुमच्यासारख्यांना ते संगीत कळायचं नाही. त्याने मान डोलावली, चपला घातल्या आणि मागे एका काळ्या गाडीत जाऊन बसला. ती गाडी नागोठण्याच्या अलीकडेच आम्हाला मागे टाकून गेली. मी तिलाही शिवी दिली.

भिसे खिंडीत टेम्पो तापला तेव्हा तर मी रडायच्या बेतात होतो. पण रोह्यात पोचलो आणि काय सांगू, कार्यक्रम सुरूच झाला नव्हता! बँड वाटेत कुठेतरी अडकला होता म्हणे. मी झुबेरला मिठी मारली. मूर्ती व्यासपीठापाशी नेली, भावी नगरसेवकांना वाटलं गणपती आणलाय, ते बूट काढून निरांजन घेऊन वर आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने गाठ सोडली. कपडा पडला. आतून जबडा वासलेला, कपाळी गंध, पायाशी उंदीर. मैदान भरून माणसं, निम्म्यांचे हात जोडलेले, ते तसेच राहिले. नगरसेवकांनी निरांजन मागे लपवलं. तेवढ्यात मागच्या पडद्यातून बँड आला, आणि सगळ्यात पुढे तो. माकडटोपीवाला. त्याने आपल्या मूर्तीकडे बघितलं, वाकून उंदराकडे बघितलं, मग टोपी काढली. आत केसाचा पत्ता नाही. चष्मा काढला. दाजी, मी ज्याचा चेहरा दाढीच्या एकेका रेघेनिशी हाताने घडवला, तो माझ्या खिडकीपासून हातभर लांब उभा होता आणि मी त्याला काका म्हणालो.

तो माइकपाशी आला. आवाज नव्हताच. नुसती कुजबुज. त्याने सांगितलं, की डॉक्टरांनी एका वेळेपुरता घसा दिला होता, तो जपून आणला होता, पण येताना गडबला गणपती अडवलेला दिसला, उंदीर बघून राहवलं नाही, गायला सुरुवात केली आणि थांबता आलं नाही. घसा तिथेच संपला. म्हणाला, वाईट वाटत नाही, शेवटचं गाणं देवापुढे झालं, ज्यांनी ऐकलं त्यांनी ऐकलं. (कोणापुढे झालं ते त्याला तेव्हा कळलेलं होतं, कारण मूर्ती बाजूलाच होती. तरी तो देव म्हणाला.) मग हसून म्हणाला, की एक टेम्पोवाला तेवढा अखंड हॉर्न मारत होता, तालात नव्हता, पण निष्ठेने मारत होता. मैदान हसलं. झुबेर माझ्याकडे बघून हसला नाही, त्याने नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यानेच मला जास्त लागलं. पुढे बँडने 'आभाळ फाड' वाजवलं आणि ते लोकांनी म्हटलं. सगळ्या मैदानाने म्हटलं. मला शब्द न् शब्द पाठ, पण मी तेवढा वेळ उंदराच्या गळ्यातला हार सोडवत बसलो.

नंतर मागे जाऊन त्याच्या पाया पडलो. त्याला बोलता येत नव्हतं. त्याने मला ओळखलं, हवेत अंगठा दाबून हॉर्न वाजवून दाखवला आणि मोठ्याने हसला, आवाजाविना. मूर्ती एवढी मोठी, ती न्यायला त्यांच्या गाडीत जागा नव्हती. त्याने खुणेने उंदीर मागितला. मी बुटासकट उचकटून दिला. तो आता त्यांच्या गाडीत काचेपुढे बसलाय.

तर दाजी, झालं ते असं. शांतपणे विचार करा आणि मला सांगा, यात माझी काय चूक? मी देव म्हणालो तो एक शब्द. तुम्ही हात जोडले ते ओळभर. आई म्हणते, देवाला घेऊन निघालास, देव भेटला, आणखी काय पाहिजे? मी तिच्याशी बोलत नाही.

ताईकडे आशीर्वाद मागतो, म्हशीच्या पाठीवर थाप. तुमचा गुडघा आणि माझं डोकं दोन्ही लवकर ठिकाणावर येवोत.

तुमचा,
निकेश

ता.क. परत येताना रोह्यातलं कोणी मूर्ती ठेवून घेईना आणि ती घरी न्यायला मला तोंड नव्हतं. तुमच्या खळ्यात निळ्या ताडपत्रीखाली जे आहे ते खत असल्याचं ताईने तुम्हाला सांगितलं असेल. ते खत नाही. काल तिचा फोन आला, शेजारच्या दोघीजणी तिथे फूल ठेवून गेल्या म्हणून. कृपा करून त्यांना थांबवा, आणि ताडपत्री काढू नका, त्याला आता एकच बूट आहे.

ता.क. पुन्हा. वरचं सगळं रागात लिहिलं, ते धरून बसू नका. पत्र लिहायचं खरं कारण वेगळं आहे. तुमच्या मंडळाच्या एका पोराने नाक्यावरची आरती मोबाईलवर घेतलीय असं कळलं. कोणी ते माहीत नाही, माझं तोंड बघून ती पोरं हसतात म्हणून मला विचारवत नाही. तुमचा शब्द ती पोरं पाळतात हे मी अनुभवाने सांगतो. तेवढी मिळवून द्या. गुडघ्याचं तेल पाठवतो, पापड अजून पाठवतो, आयुष्यभर तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही.

ता.क. शेवटचा. पण मला पाठवायच्या आधी तुम्ही एकदा ऐका. त्याचा आवाज नीट येत असेल तर पाठवा. आणि नुसता हॉर्नच येत असेल तर पाठवू नका, ताईकडे निरोप द्या की कोणी घेतलीच नव्हती. मी मानेन.